तोटी त्याच्याकडे वळली तेव्हा

मी एक जुनी चिनी मातीची किटली आहे आणि मी एकदा चार दरोडेखोर पकडून दिले आहेत. मित्रांनो, हसू नका. दरोडेखोर सिनेमातले होते, हे मी आधीच कबूल करते. पण त्या दिवशी जे घडलं ते आठवलं की माझं रिकामं पोट अजूनही भरून येतं.

माझा जन्म चीनमधल्या चाओचाऊच्या भट्टीतला. पांढरं अंग, काठाला निळी रेघ, आणि झाकण हरवू नये म्हणून कानाला बांधलेला लाल दोरा. तिथून होडीने हाँगकाँगला आले आणि बारा वर्षं एका चहाघरात राबले. तिथे मी माणसांची बोटं ओळखायला शिकले. आमच्याकडे कोणी कपात चहा ओतला की बोलणं थांबवत नाहीत. दोन बोटं टेबलावर हलकेच आपटायची, टक टक, की आभार पोचले. भांडायला बसलेले भागीदारसुद्धा मध्येच टक टक करायचे आणि पुढची शिवी हासडायचे. आणखी एक रीत होती. किटली ठेवताना तिची तोटी कोणाच्या तोंडासमोर येऊ द्यायची नाही, तो मोठा अपमान. एखादा वेटर चुकला तर मालक त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

चहाघर बंद पडलं तेव्हा मोक-चेने आम्हा दहा किटल्यांना टोपलीत घालून नेलं. मोक-चे म्हणजे मोकताई. सिनेमाला लागणारं सामानसुमान तिच्या ताब्यात असे. सिनेमात किटलीचं नशीब ठरलेलं असतं. हाणामारी सुरू झाली की ती कोणाच्या तरी डोक्यावर फुटते. माझ्या नऊ बहिणी अशाच गेल्या. मी कशी वाचले कोण जाणे.

तिथेच मला शेक-सुक भेटले. सुक म्हणजे काका. हा माणूस पंचवीस वर्षं सिनेमात नुसता मरत होता. कधी गोळीने, कधी जिन्यावरून पडून. तोंडी एक शब्द नाही, कॅमेऱ्यात चेहरा नाही. मोक-चे त्यांना चिडवायची, "शेक-सुक, आज किती वेळा मेलात?"

"सकाळपासून दोनदा. जेवण झालं की आणखी एकदा मरायचंय, तेव्हा भात कमीच वाढ."

अशा माणसाला एक दिवस खरी भूमिका मिळाली. बँकेवरच्या दरोड्याचा सिनेमा होता. तीन बुरखेवाले बँकेत शिरतात आणि अकरा जणांना हात पाठीमागे बांधून लांब टेबलाशी बसवतात. बाहेर पोलिसांचा वेढा. फोनवर त्यांचा म्होरक्या बोलून जातो, "आमच्या चौघांचा भात आधी पाठवा." आत गेले तीन आणि भात मागतात चौघांचा. पोलिसांच्या लक्षात येतं की चौथा चोर ओलिसांमध्येच बसलाय, पिस्तूल लपवून, हात बांधल्याचं सोंग करून. तो कोण हे कळल्याशिवाय आत घुसलं, तर तो शेजारच्या माणसालाच गोळी घालणार. मग पोलीस निवृत्तीला आलेल्या एका हवालदाराला चहाघरातला वेटर बनवून आत पाठवतात. तो हवालदार म्हणजे शेक-सुक. त्यांना बोलायला तीन शब्द होते, "गरम आहे. जपून." त्यांच्या बायकोने ते तीन शब्द सगळ्या भाजीबाजाराला ऐकवले होते. शेक-सुकनी त्या कामासाठी केस कापून घेतले होते आणि नवे बूटही घेतले होते, जे टेबलाखाली कोणाला दिसणारच नव्हते.

बँक आम्हाला एका रविवारापुरती मिळाली होती. सकाळी सगळी मांडामांड झाली आणि दिग्दर्शक फुंग यांचं मन फिरलं. हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालायची त्यांना सवय होती. तशाच येरझाऱ्या घालत ते म्हणाले, "हे काही पटत नाही. बाहेर शंभर पोलीस, कमरेला पिस्तूल, आणि हा चौथा शहाणा कपात चहा ओतला म्हणून बांधल्याचं सोंग सोडून टक टक करायला हात बाहेर काढणार? एवढा बावळट चोर दाखवला तर प्रेक्षक खुर्च्या फाडतील. सरळ गोळीबार करू. पहिल्या गोळीत म्हातारा पडेल, दुसऱ्या गोळीत किटली."

माझं झाकण थरथरलं. शेक-सुक पुन्हा मरणार होते, आणि या वेळी मीही. ते नव्या बुटांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला उचललं, माझ्यात गरम चहा भरून आणला आणि टेबलाशी थांबलेल्या फुंग साहेबांच्या समोरच्या कपात शांतपणे ओतायला सुरुवात केली.

फुंग साहेबांचं बोलणं चालूच होतं. बोलता बोलता त्यांचा उजवा हात पाठीमागून सुटला, टेबलावर आला, टक टक केलं आणि परत पाठीमागे गेला.

 मोक-चे म्हणाली, "साहेब, आत्ता तुमच्या हाताने काय केलं?"

"काय केलं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. कॅमेरावाला खो खो हसत खाली बसला.

"पुन्हा ओता," फुंग साहेब म्हणाले. "बघू मी कसा करतो ते." शेक-सुकनी पुन्हा ओतलं. साहेबांनी दात आवळून हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, पण तिथेही दोन बोटं स्वतःच्याच तळहातावर आपटत होती. ती सगळ्यांना दिसली. साहेबांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरून पाहिली. मग म्हणाले, "शेक-सुक, जागेवर जा. कॅमेरा लावा."

मित्रांनो, तो प्रसंग मी शेक-सुकच्या हातातून पाहिला. शेक-सुक एकेका ओलिसासमोर कप ठेवत, ओतत आणि कप त्याच्या ओठांशी धरत पुढे सरकत होते. प्रत्येक जण नुसती मान झुकवत होता, हात बांधलेला माणूस दुसरं काय करणार? सातवा होता जाड चष्म्याचा कारकून. त्याची मान बुरखेवाल्यांकडे वळलेली होती. कप भरला आणि त्याचा हात पाठीमागून आला. टक टक. मला ते हातभर अंतरावरून आधी कळलं, कॅमेऱ्याला नंतर. कारकुनाने हात चटकन मागे नेला, पण चेहरा उतरलाच. शेक-सुकची एक भुवईसुद्धा हलली नाही. "गरम आहे. जपून," ते म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी मला टेबलावर ठेवलं, माझी तोटी सरळ त्या चष्म्यासमोर. असं कोणताही वेटर मेला तरी करणार नाही. समोरच्या इमारतीतून दुर्बिणीने पाहणाऱ्या पोलिसाला तेवढंच हवं होतं. मागच्या दाराने दोन पोलीस थेट कारकुनावर झेपावले, त्याची मनगटं धरली, आणि बाकीचे तिघे वळून बघेपर्यंत खेळ संपला होता. एकही गोळी सुटली नाही. एवढ्या बंदुकांना दोन बोटं भारी पडली, याचं मला आजही नवल वाटतं.

सिनेमा चालला. शेक-सुकना बाजारात लोक थांबवून ते तीन शब्द म्हणायला लावायचे. मी मात्र खोक्यात गेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तोटीचा टवका उडालेला, लाल दोरा पांढरा पडलेला, अशी कित्येक वर्षं पडून होते. मला कोणी पुसलंही नाही.

गेल्या वर्षी काठी टेकत फुंग साहेब आले आणि मोक-चेकडून मला मागून घेऊन गेले. शेक-सुकच्या दहाव्या मजल्यावरच्या लहानशा घरात आम्ही पोचलो. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. चाकांच्या खुर्चीत बसतात आणि हात इतके थरथरतात की चमचा ताटलीवर वाजत राहतो. मला पाहताच ते ओतायला पुढे झुकले.

"बसा," फुंग साहेब म्हणाले. "आज मी ओततो."

"तुम्हाला जमायचं नाही. सांडाल."

सांडलाच थोडा. कप भरला. मला खाली ठेवताना साहेबांनी माझी तोटी भिंतीकडे वळवली. शेक-सुकचा हात टेबलावर होता आणि तो थरथरतच होता. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण मी त्याच टेबलावर होते. क्षणभर ती दोन बोटं स्थिर झाली. टक टक.

फुंग साहेबांनी कप त्यांच्या ओठांशी धरला. "गरम आहे," ते हळूच म्हणाले. "जपून."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी टवका उडालेलं एखादं भांडं आणि थरथरणारा एखादा हात असेल. भांडं पुसून वर काढा. त्या हातासाठी एकदा तुम्ही ओता. आणि तुमच्या कपात कोणी ओतलं, तर गप्पा खुशाल चालू ठेवा, पण दोन बोटं टेकवायला विसरू नका. कोणी पाहिलं नाही तरी टेबलावरच्या किटलीला ते कळतं.