सात पाट्यांचा सेट

मिस्त्रीने गाडीखालून स्प्रिंगचा मोडका पाटा ओढून काढला आणि जमिनीवर टाकला.

"मुख्य पाटाच गेलाय. दोन्ही बाजूंचे सेट बदलावे लागतील. कंपनीचे मूळचे सात पाट्यांचे टाकू, धक्के कमी बसतील, की माल जास्त भरायला आत्तासारखे कडक नऊचे?"

"नऊ," म्हातारा म्हणाला.

"सात," त्याची मुलगी म्हणाली.

"आधी बापलेकीत ठरवा बुवा. तोवर मी चहा घेतो."

बावीस वर्षं म्हाताऱ्याने या पिकअपमधून फरशा वाहिल्या. आता गाडी मुलगी चालवत होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर तो एकदाच तिच्या शेजारी बसला आणि पहिल्याच खड्ड्याला असा कळवळला की तिने गाडी माघारी वळवली. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून तो दिवसभर घराच्या फाटकाकडे तोंड करून बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डाफरे. आजही काठी टेकत पायीच आला होता. पाटे दुसऱ्या कुणी निवडलेले त्याला खपले नसते.

"सातवर माल किती भरशील? अर्धा?"

"अर्धा. दोन खेपा करीन."

"लोक हसतील. गाडी मालासाठी असते, बसणाऱ्याच्या सोयीसाठी नाही."

"नऊ पाट्यांनी गाडी टिकली, बाबा. तुमचा मणका नाही टिकला."

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. पण खाण तशी माती. ती वळसा घालून पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिली.

"गोदामवाला मला फुटक्या फरशा चिकटवतो. तुम्ही शेजारी बसलात तर त्याची बिशाद होणार नाही. आणि खरं सांगू? तुम्हाला त्या फाटकाशी बसलेलं मला बघवत नाही."

काठी भिंतीला टेकवून म्हातारा सावकाश नव्या पाट्यांच्या कप्प्यापाशी गेला. तिथली हातोडी उचलून त्याने एका सेटच्या मुख्य पाट्यावर ठोका दिला, कान लावला, पुन्हा ठोका दिला.

"बद्द वाजतोय. तडा असणार याला. दुसरा काढ."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "नऊचा ना?"

"सातचा!" म्हातारा ओरडला. "कान फुटलेत का तुझे? ती मघापासून काय सांगतेय!"