मिरचीच्या कोठीतलं जपानी मशीन

मी एक जुनं जपानी मशीन आहे मित्रांनो, हातघड्याळाच्या पोटात बसणारं, आणि मला नाक नाही हे माझं थोर नशीब! नाहीतर मी कधीच शिंकून शिंकून संपलो असतो. का, ते सांगतो.

माझा जन्म दूर जपानच्या कारखान्यात झाला. मला सेल लागत नाही. रोज चावी दिली की माझ्या पोटातली स्प्रिंग आवळते आणि हळूहळू सुटताना दिवसभर माझी चाकं फिरवते. चाकांच्या आसांची टोकं झिजू नयेत म्हणून लाल खडे बसवलेत. आहे की नाही थाट? नंदुरबारजवळच्या कोरीट गावचे सुकलाल कापूस घेऊन सुरतेला गेले, ते मला मनगटावर मिरवतच परतले.

मग काय विचारता! केळीच्या बागेत पाणी सोडायचं असो की तालुक्याची बस गाठायची असो, लोक सुकलालांनाच वेळ विचारायचे. लग्नात मुहूर्त जवळ आला की भटजीसुद्धा त्यांच्या मनगटाकडे डोळे लावून बसायचे. अशा वेळी मी छाती फुगवून टिकटिकायचो. सकाळी चहाच्या आधी सुकलाल मला चावी द्यायचे, आणि त्यात एक दिवस खाडा झाला नाही.

सुकलाल वारले आणि मी थांबलो. त्यांच्या पत्नीने, तापीबाईंनी, मला रुमालात गुंडाळून कुठे ठेवावं? मिरचीच्या कोठीत! त्यांचं म्हणणं, चोर काय आणि उंदीर काय, मिरचीत कोण तोंड घालतो? हिशेब चोख होता, पण माझ्या फटीफटीतून मिरचीची भुकटी आत शिरत गेली. तेल सुकून चिकट झालं. वर्षांमागून वर्षं गेली आणि बाहेर माझं नावही कोणी काढेना.

यंदा नवी मिरची भरायला तापीबाईंऐवजी त्यांच्या मुलाने, हेमकांतने, कोठी रिकामी केली आणि मी बाहेर पडलो! तो आईला आणि मला गाडीवर बसवून नंदुरबारला अन्वरभाईंच्या दुकानात घेऊन आला. उजेड, माणसं, भिंतीवरच्या घड्याळांचा गलका! मला वाटलं, आपला दिवस उगवला. एवढ्यात हेमकांत म्हणाला, "अन्वरभाई, आतलं जुनं मशीन फेकी द्या. सेलनं टाका. माय घालत जाई."

फेकी द्या! मित्रांनो, माझी स्प्रिंग आवळलेली असती तर तिथेच तुटली असती. पण तापीबाई ताडकन बोलल्या, "मले टाइम नही देखना. मले त्यासनी घडीना आवाज आयकना शे. मशीन तेच पाहिजे!"

"बघू तर खरं," म्हणत अन्वरभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याने माझा एकेक भाग सुटा करू लागले. तिघांची डोकी माझ्यावर वाकलेली. ब्रश फिरला, भुकटी उडाली, आणि अन्वरभाईंना अशी शिंक आली की चिमटा सटकला!

"कोन्हीबी हालू नका!" ते ओरडले. "खटका उडी गया!"

खटका म्हणजे तिळाएवढा लोखंडी तुकडा. चावी दिल्यावर स्प्रिंग उलटी सुटू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो. तो नाही तर मी भंगार! अन्वरभाईंच्या बायकोला, अख्तरबानोंना, हाक गेली. त्यांनी लोहचुंबक फिरवलं, चटई झटकली, टेबलाखाली बॅटरी मारली. टाचणी सापडली, सुई सापडली, खटका मात्र सापडेना. आणि हे सगळं चालू असताना शिंकांचा नुसता पाऊस! अन्वरभाई शिंकतायत, अख्तरबानो शिंकतायत, हेमकांतच्या नाकाडोळ्यांतून तर धार लागलेली.

"जाऊ द्या," तो वैतागून उठला. "सेलनंच टाका. मी गाडी काढस."

तापीबाईंचा चेहरा उतरला. तरी आईच ती! त्यांनी त्याला दंडाला धरून खाली बसवलं, पदर हाती घेतला आणि त्या मिशाळ, पन्नाशीच्या बाप्याचं नाक पुसायला लागल्या.

"माय, ल्हाना पोऱ्या शे का मी?"

"उगा बठ! हाई काय टोचनं रे?"

त्यांनी पदर उजेडात धरला. अन्वरभाई झेपावलेच. "हाऊच तो! हाऊच खटका!"

हेमकांतच्या मिशीत बसला होता लेकाचा! अख्तरबानो पोट धरून हसल्या. हेमकांतही हसला आणि गाडी काढायचं विसरला. अन्वरभाईंनी मला पेट्रोलमध्ये धुतलं, खडे लख्ख केले आणि सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल दिलं. जास्त तेलही मला बाधतं बरं का. खटका जागेवर बसला. चावी थोडी फिरली आणि माझं झुलतं चाक थरथरलं, डुललं, धावू लागलं. टिकटिक, टिकटिक! मी जिवंत होतो!

तापीबाईंनी मला कानाशी धरलं. त्या खूप वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी मला हेमकांतच्या कानाला लावलं. त्याचं हसू थांबलं. "बा जेवाले बठेत तवय असाच आवाज ये," तो हळूच म्हणाला.

"रोज सकायले चावी द्यानी," अन्वरभाईंनी सांगितलं. "आडकनी का थांबानं, जोर करानं नही." हेमकांतने मला आईपुढे धरलं. "दे, माय."

"मी?" तापीबाईंनी हात मागे घेतला. "त्यासनी मले कव्हयच हात लावू दिधा नही हिले. 'तू तोडशी' म्हणेत."

"आते तूच दे. मी देखस."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्या घरात मान मिरवला, त्याच घरात ती बाई माझ्याकडे लांबूनच बघत होती, आणि मला ते कधी कळलंच नव्हतं. तिची खरबरीत बोटं चावीवर आली. कर्र, कर्र, कर्र. जिथे स्प्रिंग भरली तिथे ती बोटं आपसूक थांबली, कुणी थांब म्हणायच्या आत. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला पुसा, तेलपाणी करा, जोर करू नका. आणि इतके दिवस ज्याला कुणी हात लावू दिला नाही, पहिली चावी त्याच्या हातून द्या.