मकबूलभाईंनी पाणी का नाकारलं?

बुधवार पेठेत मकबूलभाईंचं फवारणीच्या पंपांचं आणि औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की ते पिकाचं नाव विचारत, डबा काढून देत आणि पुढच्या माणसाकडे वळत. डब्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या सूचना ना ते वाचत, ना गिऱ्हाईक. त्यांची पत्नी जैनब शाळेत विज्ञान शिकवायची. ती कधीकधी म्हणे, "अहो, निदान दोन शब्द सांगत जा लोकांना."

"शेतकऱ्याला शेती मी शिकवू?" म्हणत मकबूलभाई विषय हसण्यावारी नेत. आपणही असंच करतो, नाही का? माल दिला की आपलं काम संपलं!

वाघोलीचा मच्छिंद्र हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. वाघोलीला तेव्हा इमारती नव्हत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी होती. एका जानेवारीत मच्छिंद्रने दोघांना आग्रहाने हुरडा खायला बोलावलं.

ते पोहोचले तेव्हा मच्छिंद्रची वांग्यांवरची फवारणी नुकतीच उरकली होती. "बसा मकबूलभाई, हा आलोच," म्हणत त्याने विहिरीच्या काठावरच पंप धुवायला घेतला. पांढरट पाणी दगडांवरून ओघळत पुन्हा विहिरीत उतरत होतं. रिकामा डबाही त्याने तिथेच विसळला. तेवढ्यात त्याची बायको शालू त्याच विहिरीचं पाणी तांब्यात भरून घेऊन आली.

"घ्या भाऊजी, लांबून आलात."

मकबूलभाईंनी तांब्या हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

मच्छिंद्रचा चेहरा पडला. "का हो? आमच्या घरचं पाणी चालत न्हाय व्हय तुम्हाला?"

मकबूलभाई कसनुसे झाले. वीस वर्षांचा स्नेह! एका तांब्यापायी तो तुटायची वेळ आली होती.

"असं बोलू नकोस रे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या घराचा यात काय दोष? मी काय विकलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून घोट उतरेना."

"आवो, एवढी मोठी हीर! चार थेंबांनी काय व्हतंय?"

"मग तेच चार थेंब या तांब्यात टाकून पिऊन दाखवा," जैनब कोरडेपणाने म्हणाली. मग तिने आवाज मऊ केला. "भाऊ, औषध औषध म्हणून आपली भीतीच मेलीय. ते विष आहे. आज धुतलंत, परवा धुवाल. ते विहिरीत साठतं, जमिनीत मुरतं, पावसात ओढ्याला लागतं. ओढ्याखालची माणसंही तेच पितात."

शालू इतका वेळ ऐकत उभी होती. ती एकदम म्हणाली, "दिवाळीपासून हिरीतले मासे उलटे व्हऊन वर येत्यात. मी म्हनलं, तर कुनी ऐकलं न्हाय!"

आता मच्छिंद्र हादरला. आपली लेकरं हेच पाणी पितात!

मकबूलभाई उठले, बाह्या सरसावल्या आणि पंप उचलून थेट वांग्यांच्या वाफ्यात गेले. "हे बघ. पाणी बादलीने इथे आणायचं, औषध इथेच कालवायचं. डबा तीनदा विसळायचा आणि ते पाणी पंपातच ओतायचं. पंपाची धुवणही पिकावरच फवारायची. रिकाम्या डब्याला भोकं पाड, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही. तो ओढ्यात टाकू नकोस, मला आणून दे. त्याची सोय मी लावतो."

"हे आधी का न्हाय सांगितलं, मकबूलभाई?"

"चुकलंच माझं. आता प्रत्येकाला सांगणार!"

विहिरीचं पाणी तपासून होईपर्यंत पिण्याचं पाणी गावातल्या नळावरून आणायचं ठरलं. मग आगटी पेटली. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम हुरडा खाताना मच्छिंद्र पुन्हा मोकळेपणाने हसू लागला.

मकबूलभाईंनी शब्द पाळला. हातात डबा देण्याआधी ते सगळं समजावून सांगू लागले. एकदा एक घाईतलं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "माल देताय की शाळा घेताय?"

"मालाचे पैसे पडतील, शाळा फुकट आहे," मकबूलभाई म्हणाले आणि सांगत राहिले.

पुढच्या हंगामात मच्छिंद्र गावातल्या पाच-सहा जणांना घेऊन दुकानात आला. "यांना बी सांगा," म्हणत त्याने स्वतःच सांगायला सुरुवात केली. मकबूलभाई समाधानाने ऐकत बसले.

मित्रहो, पीक आपलं असेल, पण जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं आहे. विष विकणाऱ्याने सांगावं, वापरणाऱ्याने जपावं आणि ज्याला दिसेल त्याने टोकावं. त्याने थोडा वेळ राग येईल, पण पाणी वाचेल!