पितरांचं पान

"मागची चिठ्ठी नाही चालत, महाराज. नवी आणा, मग तपासणीच्या औषधाची बाटली न्या," औषधाच्या दुकानातले गुलाबराव म्हणाले, तेव्हा नीळकंठ महाराजांचा चेहरा पडला. साखरखेर्ड्याहून मोटारीत हाडं खिळखिळी करून घेत मेहकर गाठलेलं, आता लंगडत पुन्हा डॉक्टरांकडे जायचं. पण त्यांच्या बायको शारदाबाई केव्हाच दुकानाच्या पायऱ्या उतरल्या होत्या.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी पायाची पट्टी सोडली. अंगठ्याला चप्पल लागल्याचं निमित्त झालं, आणि मिरगापासून जखम चिघळत होती.

"बाई रोज लघवीतली साखर तपासतात म्हणून अंगठा अजून जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपर्यंत नळी निळी राहिली तर वाचला समजा. विटकरी झाली तर बुलढाण्याला नेऊन काढावा लागेल. गोड जिभेलासुद्धा लावायचं नाही."

घरी तपासणीची जागा गोठ्यामागे. सोवळ्याच्या घरात लघवी उकळायची कुठे? शारदाबाई रोज सकाळी तिथे स्पिरिटचा दिवा पेटवायच्या, काचेच्या नळीत निळं औषध घ्यायच्या, वर थेंब टाकून नळी आचेवर धरायच्या. रंग हिरवा, पिवळा, विटकरी असा चढत गेला की साखर वाढली. मग बाई पुन्हा अंघोळ करून चुलीपाशी जायच्या. शेजारणी हसत, पण त्यांच्या हसण्याने अंगठा वाचणार नव्हता.

आणि नेमका पितृपक्ष लागला. ज्याचं पोट दुसऱ्याच्या पंगतीवर, त्यालाच असलं पथ्य! बाकीच्या घरी शिधा घेऊन महाराजांनी वेळ मारून नेली. चिंतामण मास्तरांकडे मात्र ते जमण्यासारखं नव्हतं. मास्तरांची आई, भिमाकाकू, गेल्यानंतरचा हा पहिलाच पितृपक्ष होता.

महाराज लहानपणीच पोरके झाले होते. गावात वार लावून जेवायचे. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. उरलंसुरलं पुष्कळ घरांनी वाढलं, पण भिमाकाकूंच्या गुरुवारी ताजी खीर असायची. स्वतःची वाटीही काकू त्यांच्यापुढे सरकवायच्या. पितरांच्या पानावर बसलेल्याच्या मुखाने मेलेलं माणूस जेवतं, असं महाराज जन्मभर लोकांना सांगत आले होते, आणि त्यांचा त्यावर विश्वास होता.

"एक वाटी खाईन मी," आदल्या दिवशी ते बायकोला म्हणाले.

"आन् अंगठा?"

"गेला तर गेला. तिच्या हातचं खाऊन वाढलेला हाय तो."

"तुम्ही काऊन असं बोलून राह्यले? मले कोण हाय तुमच्याबिगर?"

महाराज पायाची पट्टी नीट करू लागले. बाई एवढ्यावरच थांबल्या याचंच त्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या ओसरीवर पानं मांडली गेली. दुसरबीडहून आलेले भटजी मंत्र सांगत होते. पितरांच्या पानावर महाराज बसले. भात आला, वडे आले, आमटी आली. खिरीच्या जागी पान कोरडंच राहिलं. श्राद्धाला जेवताना बोलायचं नसतं, म्हणून महाराजांनी नुसतं वर पाहिलं.

मास्तर खाली वाकून हळूच म्हणाले, "काल शारदावहिनी येऊन गेल्या, महाराज. पदर पसरला हो त्यांनी. खीर केलीच नाही. आईलेही हेच पटलं असतं."

महाराजांचा हात पानावरच थांबला. भिमाकाकूंच्या श्राद्धाला खीर नाही, आणि ती आपल्यामुळे नाही. कसेबसे चार घास त्यांनी गिळले. मग रिवाजाप्रमाणे मास्तर हात जोडून पुढे उभे राहिले आणि तृप्त झालात का, म्हणून त्यांनी संस्कृतात विचारलं. साऱ्या आयुष्यात महाराजांना हे उत्तर द्यायला कधी वेळ लागला नव्हता. आज काकूंच्या वतीने खोटं बोलायचं होतं; भटजींनी दोनदा खाकरून खूण केली. मास्तरांनी पुन्हा तेच विचारलं, तेव्हा कुठे महाराज म्हणाले, "तृप्ताः स्मः."

सोमवारी सकाळी शारदाबाई ओल्या हातांनीच गोठ्यामागून आल्या.

"अहो, निळीच हाय. वाचला तुमचा अंगठा." त्यांना रडू आवरेना. "मास्तरायकडे मी गेली होती. तुम्हाले राग आला असंन."

महाराजांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. रोजच्या दोन-दोन अंघोळींनी बाईला खोकला धरला होता.

"नाही," ते म्हणाले. "तू व्हती म्हणून वाचला."

दिवाळीपर्यंत जखम भरली. महाराज पुन्हा चालत गावोगावची कार्यं करू लागले. पितरांच्या पानावर मात्र ते नंतर कोणाकडेच बसले नाहीत. बोलावणं आलं की दुसरबीडच्या भटजींना निरोप धाडायचे, आणि कोणी कारण विचारलंच तर मांडी घालून बसलं की पाय फार दुखतो म्हणून सांगायचे.