मानसिंगचा ठसा

मानसिंग लोहाराने गिऱ्हाइकाने पुठ्ठ्यातून कापून आणलेला सुरीचा नमुना उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि ऐरणीवर ठेवून दिला.

"ताटात सुरी कशाला?"

"मटणाचा मोठा तुकडा असतो, काका. स्टेक म्हणतात. ज्याचा त्याने कापून खायचा," इंद्रजित म्हणाला. भोरच्या या तरुणाने भाटघर धरणाच्या पाण्याकाठी हॉटेल टाकलं होतं. दुकानातल्या सुऱ्या परवडेनात, म्हणून स्टेनलेसच्या पट्ट्या घेऊन तो विंझरला मानसिंगच्या भट्टीपर्यंत आला होता.

"मग खाटीक काय करतो?"

इंद्रजित हसला. मानसिंग हसला नाही. टोकदार, दातेरी, एकसारख्या डझनभर सुऱ्या. जेवायला म्हणे.

त्याचा संशय उगाच नव्हता. मागच्या साली शहरातल्या एका मारामारीत त्याच्या हातचा कोयता सापडला आणि मुठीजवळचा शिक्का बघून पोलीस थेट दारात आले. फांद्या तोडायला विकलेला कोयता कुणी कुठे नेला, हे त्याला काय ठाऊक? चौकशीत काही निघालं नाही, पण गाव पाठीमागे कुजबुजायचं ते कुजबुजलंच. बापाच्या वेळचा तो सूर्याचा शिक्का त्यानंतर त्याने कशावरच उठवला नाही. दुसऱ्या कुणी तो शिक्का उठवू नये म्हणून त्याचा पोलादी ठसा बंडीच्या आतल्या खिशात घालून हिंडायचा. झोपतानाही बंडी काढायचा नाही. रत्नाने, त्याच्या बायकोने, त्यावर बोलणं सोडून दिलं होतं.

"करतो," तो शेवटी म्हणाला. "पर सुऱ्या म्या सोता आणून देनार. आदी हाटेल बगनार."

भाटघरला जाताना त्याने रत्नाला साक्षीला घेतलं. हॉटेल खरंच होतं. टेबलांवर माणसंही होती. तरी मानसिंगने आत जाऊन शेगडी पाहिली, तेव्हा कुठे सुऱ्यांची पिशवी सोडली.

इंद्रजितने सुरीच्या मुठीवरच्या पितळी कड्यावरून बोट फिरवलं.

"काका, यावर तुमची खूण नाही?"

मानसिंगचा हात बंडीवर गेला. आता आलं याच्या पोटातलं ओठावर, त्याला वाटलं.

"खूण कशाला पायजे?"

"कुणी केल्यात असं गिऱ्हाइकांनी विचारलं, तर दाखवायला." त्याच्या चेहऱ्याकडे बघून इंद्रजितने विषय सोडला. "बसा. जेवूनच जा."

ताटं आली. मानसिंगने तुकडा हाताने उचलून दातांनी तोडला. दाढा पडल्यापासून रत्ना नुसता रस्सा प्यायची आणि मटण त्याच्या ताटात सारायची. आजही तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. मग थांबली. तिने नव्यातली एक सुरी धुवून आणली आणि हरभऱ्याएवढे बारीक तुकडे केले. एक तोंडात घालून ती डोळे मिटून चघळत राहिली.

"लई दिसांनी," ती म्हणाली, आणि ताट परत आपल्याकडे ओढून घेतलं.

मानसिंगचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तिच्या वाट्याचं आपण खात आलो आणि तिला खावंसं वाटतं का, हे एकदाही विचारलं नाही. त्याला फार लाज वाटली.

तिचं जेवण झाल्यावर त्याने ती सुरी पुसली आणि बाहेरच्या दगडी पायरीवर आडवी ठेवली.

"सायेब, हातोडी हाय का?"

इंद्रजितने आणून दिली. मानसिंगने बंडीत हात घातला.

"अवो," रत्ना हळूच म्हणाली, "उद्या कुनी इचारत आलं तर?"

त्याने ठसा पितळेवर टेकवला.

"तर सांगीन, माजीच हाय म्हनून."