आणखी एक पायरी

“छोट्या, एक पायरी आणखी लागेल रे,” ताई कारखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, आणि मिस्त्रीने रंधा थांबवला.

पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याशिवाय पट्टीवरचे आकडे न दिसणाऱ्या माणसाला ‘छोट्या’ म्हणणारी त्या वस्तीत ती एकटीच. बाकी सगळे त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलं होतं. मिस्त्रीला वाकडं काही म्हणून बघवत नसे. कुणाकडे चहाला गेला तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग कप हातात घेणार. एकदा स्वतःचा दात ठणकत असताना त्याने डॉक्टरांच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून बसवला होता, आणि मगच तोंड उघडलं होतं.

“गेल्या वर्षीच तर केली पायरी!” मिस्त्री अंगावरचा भुसा झटकत म्हणाला. “तुझ्याकडे पाणी रोपं पितात की तूच पितेस?”

एरवी ताईने त्याला सवाई उत्तर दिलं असतं. आज ती नुसतीच बाकावर बसली.

ताईचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. घराभोवती तिची रोपवाटिका: मिरची, टोमॅटो, झेंडू, गुलाब. नवरा गेल्यावर याच रोपांवर तिने लेकीचं शिक्षण केलं. त्याच्याही आधी, आई लवकर गेली तेव्हा, याच ताईने धाकट्या भावाला, म्हणजे मिस्त्रीला, वाढवलं होतं. ओढ्याच्या काठाला तिची विहीर होती. उन्हाळ्यात विहीर थकली की ताई ओढ्यात उतरून डबे भरून आणी. त्यासाठी मिस्त्रीने काठावरून पाण्यापर्यंत लाकडी जिना बसवून दिला होता. पण दरवर्षी पाणी आणखी खाली जाई, शेवटच्या पायरीवरून डबा पोचेनासा होई, आणि मिस्त्री मुकाट्याने खाली एक पायरी जोडून देई.

वाचकहो, तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो? नळाला पाणी कमी आलं की मोठी मोटर, विहीर आटली की आणखी खोल बोअर. ते कमी का झालं, हे विचारायला सवड कुणाला आहे?

“ही पायरी शेवटचीच बघ,” ताई म्हणाली. “यानंतर तुझ्यामागे कटकट नाही.”

“म्हणजे?”

“विहिरीने हात टेकले. आहेत तेवढी रोपं गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलीत, ती गेली की घर बंद करते आणि लेकीकडे जाते कायमची. ती कधीची बोलावतेय.”

मिस्त्री रंधा टाकून पुढे आला. लेकीचं गाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. “असं कसं! बोअर मारू आपण. खोल मारू. खर्च माझा.”

“शेजारच्यांनी मारली ना. धूळ निघाली नुसती.” ताई उठली. “पायरी तेवढी लवकर कर बाबा. निघेपर्यंत रोपं जगवायला हवीत.”

ती गेली आणि मिस्त्रीने अर्धवट रंधलेली फळी पुन्हा पुढे ओढली. बायको होती, धंदा होता, सगळं होतं. पण दारात उभं राहून ‘छोट्या’ म्हणणारं कुणी उरणार नाही, या विचाराने त्याचा रंधा पहिल्यांदाच वाकडा चालला.

दुपारी तो माप घ्यायला ओढ्यावर गेला. ताईच्या जिन्याजवळ एक लहानसा दगडी पूल होता आणि त्याच्या कठड्यावरून वाकून पूलवाले काका खाली बघत होते. काकांचं उभं आयुष्य पुलांची तपासणी करण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी पूल दिसला की वाकून त्याचे पाय बघायची सवय सुटली नव्हती. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचा चष्मा पडलाय बहुतेक.

“काय मिस्त्री, पुन्हा पायरी?”

“काय करणार काका, पाणी खाली गेलंय.”

“किती आहे हो पाणी? बघा तरी.”

मिस्त्रीने लाकडी पट्टी पाण्यात उभी धरली. “पोटरीएवढं.”

“आणि तुमच्या लहानपणी या दिवसांत किती असायचं?”

मिस्त्रीला आठवलं. इथेच उभी राहून ताई त्याचा कान धरून त्याला घासून अंघोळ घालायची. “तेव्हाही पोटरीएवढंच. म्हणजे ताईच्या पोटरीएवढं.”

“मग कमी काय झालं?” काका म्हणाले. “पाणी आहे तेवढंच आहे मिस्त्री. तळ खाली गेलाय. हा पुलाचा खांब बघा. खालचे हे ओबडधोबड दगड म्हणजे पाया. पाया कधी दिसायचा नसतो. इथे तो उघडा पडलाय.”

मिस्त्रीने खांबाकडे पाहिलं. खरंच होतं. इतकी वर्षं त्या पुलाखाली उभा राहून तो पायऱ्या ठोकत होता आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

“पण ओढ्याचा तळ खाली गेला तर विहीर का आटावी? विहीर तर काठावर आहे.”

“विहिरीतलं पाणी काही विहिरीचं नसतं. ते आजूबाजूच्या जमिनीत साठलेलं असतं. मातीच्या कणाकणामधून, वाळूतून ते मुरतं, सरकतं आणि हळूहळू ओढ्याकडे येतं. पावसाळा संपल्यावरही ओढा वाहतो तो कशाच्या जिवावर? जमिनीनेच साठवून ठेवलेलं देते त्याला. आता मला सांगा, टाकीची तोटी मधे असेल तर टाकी कुठवर रिकामी होईल?”

“तोटीपर्यंत.”

“आणि तोटी काढून खाली बसवली तर?”

मिस्त्रीने वर विहिरीकडे पाहिलं. उत्तर सोपं होतं.

“ओढा ही जमिनीची तोटी आहे,” काका म्हणाले. “चला, आणखी एक गोष्ट दाखवतो.”

ते दोघं काठाने थोडं वर चालत गेले. तिथे ओढ्याचा तळ एकदम गुडघाभर खाली उतरत होता आणि पाणी त्यावरून धपधप पडत होतं. दिसायला गमतीशीर होतं. पण बघता बघता वरच्या कडेचं मातीचं ढेकूळ सुटलं आणि पाण्यात विरघळून गेलं. त्या जागी पाणी पुन्हा नवी कड पोखरू लागलं.

“हा खड्डा असाच मागे मागे सरकतो. प्रत्येक पावसाळ्यात थोडा वर चढतो, आणि जिथून जातो तिथला तळ खाली घालवत जातो. गेल्या वर्षी हा तुमच्या ताईंच्या विहिरीसमोर होता. त्याआधी पुलाखाली. मी दरवर्षी बघतोय. आणि पहिल्यांदा कुठे पाहिला माहीत आहे? तुमच्या कारखान्यामागे. तुम्ही ओढा सरळ केलात, त्याच वर्षी.”

हे मात्र मिस्त्रीला झोंबलं. कारखान्यामागे ओढ्याला एक मोठं वळण होतं. लव्हाळ्यांनी भरलेलं, चिखलाचं, डासांचं. ते वाकडं वळण पाहून मिस्त्रीचे डोळे दुखत. शेवटी त्याने खोदाईचं यंत्र आणलं, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चर काढला, वळण बुजवलं आणि त्या जागेवर लाकडं रचली. ओढा सुतासारखा सरळ झाला! आल्या-गेल्याला तो हाताला धरून मागे नेई आणि दाखवी. ताईलाही किती वेळा दाखवलं होतं.

“काका, काहीतरीच काय!” त्याचा आवाज चढला. “मी खाली राहतो, ताई वर राहते. पाणी वरून खाली येतं. मग पाप खालून वर कसं चढेल?”

“वळण म्हणजे ओढ्याचा ब्रेक होता, मिस्त्री. लांबचा रस्ता होता म्हणून पाणी दमाने जायचं. तुम्ही रस्ता तोडला, उतार वाढवला. पाणी सुसाट सुटलं आणि तळ खरवडू लागलं. पुढचं मी सांगण्यापेक्षा तुम्हीच जाऊन बघा. उद्या वरच्या सगळ्या विहिरींची हीच गत होणार आहे.”

मिस्त्री तणतणत घरी आला. म्हाताऱ्याला काही उद्योग नाही, असं तो बायकोला दोनदा म्हणाला. बायको भाजी निवडत होती. ती शांतपणे म्हणाली, “अहो, मग कारखान्याच्या मागच्या भिंतीला जी भेग पडते आणि तुम्ही दरवर्षी पुट्टी भरून बुजवता, ती कशाने पडते?”

मिस्त्री उठून कारखान्यामागे गेला. लाकडांच्या राशी ओलांडून चराच्या कडेशी पोटावर आडवा झाला आणि त्याने खाली पाहिलं. काठ उभाच्या उभा कापला गेला होता, अगदी ओळंब्यात. मातीतून झाडांची मुळं उघडी लोंबत होती. त्याने खणला होता त्याच्या दुप्पट तरी चर खोल गेला होता. पाण्याने रंधा मारला होता तळावर. मारायला उतार कुणी दिला होता? त्याने स्वतः!

उठताना त्याचा हात एका फळीवर पडला. तिला टोकाला चीर गेली होती. मिस्त्रीने ती सवयीने बोटाने चाचपली आणि बोट तिथेच थांबलं. चीर टोकाला पडते, पण टोकाला राहत नाही. वेळीच बांधली नाही तर रेषारेषांनी वर चढते आणि सगळी फळी वाया घालवते. हे त्याने आजवर कितीतरी शिकाऊ पोरांना ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतः काय केलं होतं? ओढ्याच्या टोकाला चीर पाडली होती, आणि वर चढत ती ताईच्या विहिरीपर्यंत गेली तेव्हा तो तिला पायऱ्या करून देत होता!

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ती रोपांच्या पिशव्यांत माती भरत होती.

“रिकाम्या हाताने आलास? पायरी कुठाय?”

“पायरी करणार नाही, ताई.” मिस्त्री तिच्याजवळ जमिनीवरच बसला. “तुझी विहीर मी आटवली. माझ्या सरळ चराने आटवली.”

ताईने हातातली पिशवी नीट दाबून बाजूला ठेवली. “माहीत आहे मला,” ती म्हणाली. “काकांनी गेल्याच वर्षी सांगितलं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलू? लोकांना हाताला धरधरून दाखवत होतास. लहानपणी पहिली लाकडी पाटी कोरून आणलीस तेव्हाही तुझं तोंड असंच फुललं होतं. मला नाही जमलं बाबा.”

“अगं, घर सोडून निघाली होतीस तू! एवढं सगळं गिळून?”

“चुकलंच माझं,” ताई म्हणाली. “तेव्हाच तुझा कान धरायला हवा होता. वरच्या लोकांच्या विहिरी तरी वाचल्या असत्या.” आणि तिने मातीच्याच हाताने त्याचा कान धरला. पन्नाशीचा मिस्त्री लहान मुलासारखा रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यामागची लाकडं हलू लागली. काही विकली, काही मिस्त्रीच्या ओसरीत येऊन बसली, त्यामुळे बायकोला घरात शिरायला तिरकं व्हावं लागे. बुजवलेलं वळण पुन्हा मोकळं झालं, त्याच मातीने सरळ चर बुजला आणि ओढा जुन्या वाटेने फिरला. राहिलेले जाड ओंडके मिस्त्रीने काकांच्या सांगण्यावरून ओढ्यात ठिकठिकाणी आडवे, तळाशी घट्ट बसवले आणि दगडांनी पक्के केले, म्हणजे पाणी अडखळत जाईल आणि सोबतची वाळू खाली टाकेल. सगळ्यात वरचा ओंडका त्या सरकत्या खड्ड्याखाली बसला. तो बसवायला वरच्या घरांतले लोकही उतरले. मिस्त्रीने त्यांना सगळं खरं सांगितलं होतं. दोघाचौघांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं, मग बाह्या सरसावल्या.

ताईने लेकीला कळवलं की ती येतेय, पण चार दिवसांची पाहुणी म्हणून.

एका पावसाळ्यात काही झालं नाही. काकांनी सांगितलंच होतं, तळ जायला वर्षं लागतात तशी यायलाही लागतात. त्या उन्हाळ्यात ताईने रोपं निम्मीच लावली आणि मिस्त्री रोज सकाळी तिचे डबे भरून देऊ लागला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओंडक्यांमागे वाळू साठलेली दिसू लागली. त्या पुढच्या उन्हाळ्यात विहिरीने तळ दाखवला, पण ती आटली नाही.

मित्रहो, जमिनीवर आपण कुंपणं घालतो, हे माझं, ते तुझं. जमिनीखाली तसं काही नसतं. तिथे आपण सगळे एकाच टाकीवर जगतो आणि कुणा एकाने तोटी खाली ओढली तर सगळ्यांचीच टाकी रिकामी होते, वरच्याचीही आणि खालच्याचीही. ओढ्याचं वळण आपल्याला वाकडं दिसतं, कारण ते आपल्या सोयीचं नसतं. ते मोडण्याआधी त्याच्या जिवावर कोण जगतंय, एवढं विचारायला हवं. आणि पाणी खाली गेलं की आणखी एक पायरी बांधण्याआधी, ते का गेलं हेही!

परवाच ताई कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. “छोट्या, कसला जिना केलास रे? खालची पायरी वाळूत गाडली गेली. डबा टेकवायला जागा नाही.”

मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. आयुष्यात इतकं गोड गाऱ्हाणं त्याने ऐकलं नव्हतं.

“राहू दे गाडलेली,” तो म्हणाला. “वरच्या पायरीवर उभी राहा.”