चाळीस प्रयोगांचे जर्नल

परळच्या त्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात 'चार विज्ञाने एकाच छताखाली' असे छापलेले होते, आणि ते शब्दशः खरे होते. छत एकच होते. त्याखाली तळमजल्यावर भौतिकशास्त्र, पहिल्यावर रसायन, दुसऱ्यावर जीवशास्त्र आणि तिसऱ्यावर गणित अशी चार संस्थाने नांदत होती, आणि एका मजल्यावरचा प्राध्यापक दुसऱ्या मजल्यावर पाणी प्यायलाही जात नसे. चारही विषय एकत्र शिकवणारा, तिसरे वर्ष परदेशी विद्यापीठात घालवायला लावणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम याच इमारतीत सुरू झाला. पहिल्या वर्षी नऊ जणांनी प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आठ जणांनी शहाणपणाने एकेक मजला निवडला, आणि अनुजा घाडीगावकर जिन्यावर राहिली.

जिन्यावरच्या माणसाला शेजार नसतो. तळमजल्यावरच्या मुली तिला 'बायोवाली' म्हणत, दुसऱ्या मजल्यावरच्या 'फिजिक्सवाली'. दोन्हीकडे तिला चहाला बोलवायचे राहून जाई, कारण दोन्हीकडची समजूत अशी, की ती दुसरीकडे घेत असणार.

तिची परदेशासाठी निवड झाली तेव्हा लालबागमधल्या तिच्या चाळीच्या तोंडाशी मंडळाने अभिनंदनाचा फलक लावला. त्यावर चौदा कार्यकर्त्यांची छायाचित्रे होती आणि खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या चौकटीत, जिचे अभिनंदन होते ती. महाविद्यालयाने मात्र औदार्य दाखवले. नव्या माहितीपत्रकाचे अख्खे मुखपृष्ठ तिला दिले: मागे बर्फ, पुढे अनुजा. बर्फ संगणकावर पाडलेला होता. ती अजून मुंबईतच होती.

प्रत्यक्षात अ‍ॅबर्डीनला बर्फ बेताचाच पडला. पडला तो अंधार. डिसेंबरात दुपारी साडेतीनला दिवस मिटे. रविवारी दिवसभर कोणाशी बोलणे होत नसे, म्हणून ती एक थांबा बसने जाई आणि उतरताना चालकाला 'थँक यू' म्हणे. आवाज शाबूत आहे एवढे कळे. बाकीचे सहा दिवस तिच्याकडे एक टेबल होते, एक वही होती आणि एक प्रश्न. दगडी कुंपणांवर वाढणारे तिथले एक शेवाळ सुकून भुगा होते, महिनोन्‌महिने मेल्यासारखे पडून राहते आणि पाण्याचा थेंब मिळताच काही मिनिटांत हिरवे होऊन श्वास घेऊ लागते. ते जगते कसे? मान्यवर उत्तर असे, की सुकताना पेशीतल्या साखरेची काच बनते आणि त्या काचेत जीव सांभाळला जातो. अनुजाने नऊ महिने ती काच तपासली. साखर मोजायला रसायन लागले, काच कधी मऊ पडते ते पाहायला भौतिकशास्त्र, पेशी जिवंत आहे का हे ठरवायला जीवशास्त्र आणि या तिघांना एका समीकरणात बसवायला गणित. कोणत्या विषयाची, असे तिथे तिला कोणी विचारले नाही. काय सापडले, एवढेच विचारत.

सापडले ते असे: साखर कमी केलेले शेवाळही तितकेच जगत होते. काचेचा काही संबंध दिसत नव्हता. तिच्या मार्गदर्शक बाईंनी आकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली, कारण एक चुकीचे उत्तर आता कमी झाले होते. वहीत खाडाखोड होती, फुटलेल्या नळ्यांच्या नोंदी होत्या, एका पानावर 'आज काहीही झाले नाही' असे तारखेसह लिहिलेले होते. तिथल्या पद्धतीत तेही लिहायचे असते.

ती परतली आणि वर्ष ग्राह्य धरण्याचा प्रश्न निघाला. भौतिकशास्त्राने कळवले, की शेवाळ हा जीवशास्त्राचा विषय आहे. जीवशास्त्राने कळवले, की साखर रसायनाकडे येते. रसायनाने काच भौतिकशास्त्राकडे परत पाठवली. गणिताने उत्तरच दिले नाही, आणि चौघांत तेच सर्वांत सुसंगत होते. अखेर मुंबईच्या विज्ञानशिक्षणाचा पाया असलेला नियम पुढे आला: प्रात्यक्षिकाचे गुण फक्त प्रमाणित जर्नलवर मिळतात. तपकिरी कागदाचे वेष्टण, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक प्रयोगाचे उद्दिष्ट, साहित्य, निरीक्षणे आणि निष्कर्ष, आणि प्रत्येक पानाखाली विभागप्रमुखांची सही. वर्षाचे प्रयोग चाळीस. अनुजाकडे प्रयोग एकच होता, आणि त्याचा निष्कर्ष नकारार्थी होता.

"अनुक्रमणिकेत चाळीस ओळी आहेत," रसायनाचे विभागप्रमुख डॉ. कमलाकांत विजयकर तिला म्हणाले. ते गिरगावातल्या जुन्या घरातले, सौम्य, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. चौघांपैकी त्यांनीच तिला बसायला सांगितले. "प्रत्येक विषयाचे दहा लिही. शुक्रवारी आण, मी सही करतो. सोमवारी समिती आहे."

"मी ते प्रयोग केलेले नाहीत सर."

"इथेही कोण करतं?" ते म्हणाले. त्यात उपहास नव्हता, माहिती होती.

अनुजाच्याच वर्षाची मनवा तळमजल्याची, एका विषयाची, तीन वर्षांत पदवी घेऊन औषधांच्या कंपनीत लागलेली. तिने आपली जुनी जर्नले पिशवीत घालून आणून दिली.

"छाप बिनधास्त," मनवा म्हणाली. "मी पण छापलेलीच आहेत. आमच्या सीनियरने तिच्या सीनियरची छापलेली. खानदानी माल आहे."

"मनवा, यात सगळीकडे खोलीचं तापमान वीस अंश आहे."

"मग?"

"परळमध्ये? एप्रिलमध्ये?"

"अगं येडी, पुस्तकातलं उत्तर वीसला येतं ना. तेहतीस लिहिलंस तर उत्तर चुकेल, मग सर बोंबलतील. तू काय तिकडे जाऊन हरिश्चंद्र झालीस काय?"

अनुजा हसली. पिढ्यान्‌पिढ्या या इमारतीतल्या मुलांनी घाम पुसत पुसत 'वीस अंश' लिहिले होते, आणि खाली सही होती. ज्या प्रयोगशाळेत ते तापमान खरोखर वीस होते तिथून ती आली होती, आणि तिथलेच तिला इथे दाखवता येत नव्हते.

तिने चार दिवसांत चाळीस प्रयोग लिहिले. अक्षर वळणदार ठेवले. खाडाखोड शून्य. शुक्रवारी ती जर्नल आणि स्वतःची वही अशी दोन्ही घेऊन गेली. वही का घेतली, ते तिला नीट सांगता आले नसते.

विजयकरांनी जर्नल उघडले आणि सह्या करायला लागले. सह्या करताना ते गिरगावात गाडी लावायला जागा उरली नाही याबद्दल बोलत होते. "आमच्या गल्लीत एकाने जागा अडवायला तुळशीवृंदावन आणून ठेवलंय. हलवणार कोण?" पान उलटे, सही होई, पान उलटे. पंधरा मिनिटांत चाळीस प्रयोग खरे झाले.

"अक्षर सुरेख आहे तुझं," ते म्हणाले.

"सर, एक पान वाचाल?" तिने वही पुढे केली. "सहीसाठी नाही."

त्यांनी ते उभ्याउभ्या वाचायला घेतले. मग बसले. मग चष्मा बदलला. बाहेर तासाची घंटा झाली, शिपाई आत डोकावून गेला, ते वाचत राहिले. 'आज काहीही झाले नाही' या पानावर ते थोडे थांबलेसे वाटले. चाळीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"सुकवलंस किती वेळात?"

"सहा तासांत. प्रत्येक वेळी."

"आणि सहा दिवस लावले असतेस तर?"

तो प्रश्न अनुजाला मे महिन्यात पडला होता, आणि जूनमध्ये वर्ष संपले होते.

"मग साखर निर्दोष आहे असं तुला म्हणता येत नाही," विजयकर म्हणाले. "घाईने सुकवलं तर निर्दोष, एवढंच. निष्कर्ष जास्त ताणला आहेस."

परत आल्यापासून तिच्याशी कोणी इतके चांगले बोलले नव्हते. ती खुर्चीत जरा पुढे सरकली आणि बोलू लागली. बोलताना आपला आवाज तिला अनोळखी वाटला, इतका तो भरभर येत होता. विजयकरांनी दोनदा तिला अडवले, एकदा ते स्वतः चुकले आणि हसले. त्या खोलीत तेवढा वेळ रसायन, भौतिक वगैरे काही नव्हते. शेवाळ होते आणि ते सुकत होते.

मग त्यांची नजर टेबलावरच्या जर्नलवर गेली.

"हे वाचायला नको होतं मी," ते म्हणाले. "आता ऐक. सोमवारी समितीपुढे ही वही ठेव. नाकारतील. तिसरं वर्ष पुन्हा कर, इथे, माझ्याकडे. शेवाळ आमच्या गच्चीवरही आहे. हळू सुकवू आपण."

"आणि जर्नल?"

"त्यावर माझी सही आहेच. ते ठेवलंस तर वर्ष मिळेल. ठरव तू. वही तोवर राहू दे, वाचून होऊ दे माझी. न्यायची झाली तर सोमवारी सकाळी घेऊन जा."

शनिवार-रविवार अनुजाने मनात ती प्रयोगशाळा मांडून पाहिली: दोन टेबले, एक मार्गदर्शक, आणि कोणीतरी विचारतो आहे की किती वेळात. एका वर्षाचा सोबती. त्याची किंमत एक वर्ष.

तिची आई, उर्मिला, लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांची देठे खुडण्याचे काम सतरा वर्षे करत होती. बोटांची आग आता कशानेही उतरत नसे. मुलगी चौथे वर्ष आटोपून पदवीधर होताच, येत्या जूनमध्ये, काम सोडून कणकवलीला भावाकडे जायचे हे तिने ठरवले होते आणि गल्लीत सर्वांना सांगूनही टाकले होते. रविवारी दुपारी ती हात थंड पाण्यात बुडवून बसली होती.

"ता परदेशाचा वर्ष धरतले मा गो?" तिने विचारले.

अनुजाने तोंड उघडले. शेवाळाबद्दल सांगायचे तर कुठून सुरू करावे, ते तिला कळेना. सहा तास आणि सहा दिवस यांतला फरक आईला कळला नसता असे नाही. मसाला कसा सुकवायचा ते तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण त्या दोन हातांसमोर तो फरक मांडायचा, म्हणजे त्यांच्याकडे आणखी एक वर्ष मागायचे.

"धरतील," ती म्हणाली.

सोमवारी तिने समितीच्या खिडकीवर जर्नल दिले. नम्रता नावाच्या लिपिक बाईंनी सह्या मोजल्या.

"चाळीसच्या चाळीस? तिकडे सगळे प्रयोग होतात वाटतं."

"हो. तिकडे सगळं जमतं."

"नशीबवान आहात." शिक्का बसला. वर्ष ग्राह्य झाले.

वही आणायला ती दुपारी विजयकरांच्या खोलीत गेली. समितीचा कागद तिच्या आधी तिथे पोहोचला होता; तो त्यांच्यापुढे होता आणि त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरीही झाली होती.

"या, घाडीगावकर. अभिनंदन," ते म्हणाले. शुक्रवारी ते तिला 'तू' म्हणत होते. "वही तुमची तिथे आहे."

ती उभी राहिली. आपण त्यांचा अपेक्षाभंग केला आहे हे तिला दिसले, आणि मग, सावकाश, दुसरी एक गोष्ट दिसली: चाळीस खोट्या पानांवर न वाचता सही करणारा माणूस, ती पाने सादर करणारीवर नाराज होता. स्वतःजवळ नसलेले धैर्य त्याने तीन दिवसांकरता तिच्याकडे ठेवायला दिले होते आणि आज तो ते परत मागत होता.

"सर, सही तुमची आहे," ती म्हणाली.

"हो." त्यांनी पुढचे जर्नल ओढून उघडले. "दार लावून घ्या जाताना."

ती दार लावून बाहेर आली. व्हरांड्यात कोणी नव्हते. तळमजल्यावर भौतिकशास्त्राचे तास चालू होते आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या ओढत होते. तिने वही चाळली. शेवटच्या नोंदीनंतर कोरी पाने होती, ती आता कोरी नव्हती. पेन्सिलीने, बारीक जुन्या वळणाच्या अक्षरात, अडीच पाने गणित केलेले होते: शेवाळाची पाने सावकाश सुकू दिली तर पाणी किती वेळात बाहेर पडेल, आणि तेवढ्या वेळात पेशीला काय काय करता येईल. वर शनिवारची तारीख होती, मध्ये रविवारची. खाली सही नव्हती.

तिने ते भिंतीला टेकून वाचले. सुंदर होते. तिसऱ्या ओळीत चूक होती. जाडीचा वर्ग करायचा राहिला होता. वर्ग केला की सहा दिवसांचे जवळजवळ महिनाभर होत होते, आणि मग सगळा प्रश्नच नव्याने मांडावा लागत होता. हे सांगायचे तर जगात सांगण्यासारखा माणूस एकच होता. तो दाराच्या आत बसून सह्या करत होता.

पाने उलटल्याचा आवाज बाहेर येत होता. अनुजाने पर्समधून पेन्सिल काढली, तिसऱ्या ओळीतल्या जाडीच्या डोक्यावर लहानसा दोन लिहिला, बाजूला तारीख घातली, आणि ती जिना उतरू लागली.